तीस रुपयांचा बल्ब, हजाराचं चलान : रस्त्यात गाडी अडवली की करायचं काय?

बालाघाटी (रात्री ९:४०)

रामराम मंडळी. मी दहा चाकी चालवतो, पासिंग एमएच २३, म्हणजे बीडचं. मागच्या आठवड्यात लातूरहून सोयापेंड भरून संभाजीनगरला निघालो. अंबाजोगाई, केज झालं, मांजरसुंबा सोडून बीडच्या अलीकडं आलो तर आरटीओच्या वायुवेग पथकाची गाडी उभी. दिवस मावळायला आलेला. हात केला, साईडला घेतली.

कागदं सगळी ओके होती. विमा, फिटनेस, परमिट, पीयूसी, वजनकाट्याची पावतीसुद्धा. मला वाटलं सुटलो. तेवढ्यात साहेब चालत मागं गेले. डावी टेल लाईट बंद. आणि त्याच कोपऱ्यात फाळक्यावरची लाल रिफ्लेक्टर पट्टी अर्धी उचकटून लोंबायलेली. मी म्हणलो, "साहेब, लातुरातून निघालो तवा चालू होती." खरंच चालू होती, मी स्वतः बघितली होती. साहेब काही बोलले नाहीत, नुसती मान हलवली. तेवढ्यात शेजारून उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन गेला, मागं ना लाईट ना रिफ्लेक्टर. माझं टाळकं सरकलं. "त्याला धरा की, आम्हीच दिसतो का?" म्हणलो.

झालं. मशीन निघाली. लाईट आणि पट्टी मिळून हजाराचं चलान, वर पाऊण तास गाडी उभी. संभाजीनगरला पोचलो तर गोदाम बंद, रात्र गाडीतच काढली. मालकाचा फोन, "लाईट बघायचं काम तुझं, भत्त्यातून कापतो."

दोन गोष्टी विचारायच्यात. अशा बारीकसारीक चुकीवर अडवलं की ड्रायव्हरनं तिथं नेमकं काय करावं? आणि पैसे कुणी भरायचे? ओव्हरलोडचं विचारत नाही, ते वेगळं दुखणं आहे.

गेवराई_वायरमन (रात्री १०:०५)

दादा, चलानचं दुसरे सांगतील. मी लाईटचं सांगतो. तुमचा बल्ब गेलाच नसंल.

टेल लाईटच्या मागं चासीला एक बोल्ट असतो, त्याला काळी वायर आवळलेली असते. ती अर्थ, म्हणजे अर्थिंगची वायर. खताची भाडी मारणाऱ्या गाडीत युरिया सांडतो, पाणी लागतं, त्या बोल्टला हिरवा-पांढरा बुरा चढतो. वायर जागेवर दिसते पण करंट जात नाही. निघताना लागती, शंभर किलोमीटर हादरे बसले की बंद. म्हणून तुम्ही पण खरं बोलायलात आणि साहेब पण.

ओळखायचं कसं? पार्किंग लाईट लावून क्लिनरला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबला की त्या बाजूची लाईट वाढायच्या ऐवजी मंद झाली, नायतर इंडिकेटर लावल्यावर टेल लाईट सोबत लुकलुकायला लागली, तर अर्थ गेली म्हणून समजा. बोल्ट खोलायचा, वायरचं टोक आणि चासीची जागा दोन्ही पॉलिश पेपरनं चकचकीत होईस्तोवर घासायचं, आवळायचं, वरून ग्रीसचा बोट लावायचा. दहा मिनिटांचं काम.

डॅशबोर्डात दोन फिलामेंटचे दोन बल्ब आणि एक फिलामेंटचे दोन ठेवा. २४ व्होल्टचे! ढाब्याजवळच्या दुकानात घाईत १२ चा देतात, लावला की गेला. फ्यूज उडाला तर त्याच अँपिअरचा टाका. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून फ्यूज केलेला आमच्याकडं आजही येतो. चलान सोडा, गाडी पेटंल.

पट्टीचं : पुढं पांढरी, बाजूला पिवळी, मागं लाल. धुळीवर चिकटवली की आठ दिवसांत उचकटते. आधी ओल्या फडक्यानं पुसा, पूर्ण वाळू द्या, मग लावा. डिझेलनं पुसू नका, तेलकट राहतं. आणि बाजारात लोकल पट्टी मिळते, दिवसा छान लाल दिसते, रात्री तिच्यावर उजेड पडला तर काहीच चमकत नाही. मान्यतेचा शिक्का असलेलीच घ्या.

लातूरकर_७१ (रात्री १०:२२)

वायरमनदादा, वाखु (वाचनखूण) साठवली. चांदीवाला फ्यूज माझ्या गाडीत निघाला होता, आधीच्या ड्रायव्हरची कृपा.

तीन_गाड्यांचा_मालक (रात्री १०:४८)

मालकांची पण बाजू ऐका. बल्ब, पट्टी, वायपर, हॉर्न, स्टेपनी हे बघायला मी गाडीबरोबर येत नाही. निघताना गाडीला फेरी मारायची एवढंच काम असतं. माझ्या एका गाडीला एका सीझनमध्ये चार चलानं पडली, चारही असलीच. एकदा वायपर, एकदा नंबर प्लेटवर चिखल, एकदा सीट बेल्ट, एकदा इंडिकेटरची काच फुटलेली. सीट बेल्टचं चलान मालकानं भरायचं का सांगा.

बालाघाटी (रात्री १०:५५)

मालक, सीट बेल्टचं मी भरीन, एका शब्दानं बोलणार नाही. पण पट्टीचं मी दोनदा सांगितलं होतं, "पुढच्या खेपेला लावू." अर्थच्या बोल्टाचं मला आज कळलं.

तीन_गाड्यांचा_मालक (रात्री ११:०१)

तुमच्या मालकाचं तुमच्या मालकाला विचारा. मी माझं सांगितलं. बाकी तुमचं म्हणणं रास्त आहे.

जालना_बुकिंग (रात्री ११:१५)

मी ट्रान्सपोर्टला बिल्टी, म्हणजे मालाची पावती, फाडतो. जालन्यात दिवसभर सळईच्या गाड्या बघतो. "बारीक चूक" कशाला म्हणायचं यातच लोकांचा घोळ आहे.

सळई फाळक्याच्या बाहेर हातभर आली, वर लाल फडकं बांधलं, की ड्रायव्हरला वाटतं झालं काम. नाही झालं. माल मागं, बाजूला किंवा उंचीला मर्यादेबाहेर गेला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली २०,००० आणि जास्तीचा माल तिथंच उतरवायचा. मानवत-सेलू भागातल्या कापसाच्या गाड्या बघा, दोन्ही बाजूंनी पोट सुटल्यासारख्या निघतात, त्यांनाही हेच लागू. वजन जास्त भरलं तर २०,००० आणि वरच्या प्रत्येक टनाला २,०००. म्हणजे दोन टन जास्त असतील तर २४,०००. आणि काट्यावर न्यायला सांगितलं अन् गाडी पळवली किंवा नाही म्हणलं तर ४०,०००! वजनापेक्षा नकार महाग पडतो. काटा करून घ्या म्हणतात तेव्हा गुमान करून घ्या.

टनाचा हिशेब ढाब्यावर ऐकू नका. २०१८ ला एक्सल लोड वाढवलं, तीन एक्सलचं एकूण वजन २५ टनाचं २८.५ झालं, तेव्हापासून प्रत्येक जण "आपल्याला चालतंय" म्हणतो. तुमच्या आरसीवर छापलेला आकडाच चालतो. भरल्यावर काटा करा, पावती बिल्टीसोबत ठेवा.

निवांत_निवृत्त (सकाळी ६:३०)

मी मोटार वाहन निरीक्षक म्हणून बरीच वर्षे रस्त्यावर काढली, आता निवृत्त आहे. पलीकडच्या बाजूने काय दिसतं ते सांगतो. कोणाला राग आला तरी चालेल.

गाडी थांबतानाच अर्धी तपासणी झालेली असते. इंडिकेटर देऊन पूर्ण डांबराच्या खाली घेतली, इंजिन बंद, हँडब्रेक, पार्किंग लाईट चालू, ड्रायव्हर फाईल घेऊन खाली उतरतोय, अशी गाडी दिसली की निरीक्षक मनातून सैल होतो. याउलट क्लिनर खाली उडी मारून धावत येतो आणि ड्रायव्हर केबिनमध्ये कोणाला तरी फोन लावतो, तिथे निरीक्षक गाडी बारकाईने बघणारच. ओळखीच्या माणसाचा फोन अधिकाऱ्याच्या हातात देणं हा तर सर्वांत वाईट मार्ग. मी तरी असा फोन आल्यावर कधी पावती कमी केली नाही.

कागदपत्रं. डिजिलॉकर किंवा एम-परिवहन या सरकारी ॲपमधली कागदपत्रं ग्राह्य आहेत, मूळ कागदच दाखवा असा आग्रह कोणी धरला तर शांतपणे केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १३९ चं नाव घ्या. त्याच नियमात आणखी एक सोय आहे. गणवेशातल्या पोलिसाने किंवा अधिकृत अधिकाऱ्याने मागितलेला कागद जवळ नसेल तर त्याची साक्षांकित नक्कल १५ दिवसांत सादर करता येते. विमा काढलेला आहे पण कागद घरी राहिला, हा गुन्हा आणि विमा काढलेलाच नाही हा गुन्हा, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. विमा नसेल तर पहिल्यांदा २,००० आणि पुन्हा सापडलात तर ४,०००.

आता किरकोळ दोष. ज्याला कायद्यात वेगळी शिक्षा नाही त्याला कलम १७७ : पहिल्यांदा ५०० पर्यंत, पुन्हा केलं तर १,५०० पर्यंत. केंद्राने २०१९ मध्ये दंड वाढवले, आपल्या राज्यात ते डिसेंबर २०२१ मध्ये लागू झाले. जुने ड्रायव्हर अजून शंभर-दोनशेच्या काळात आहेत, म्हणून आकडा ऐकून भडकतात.

बालाघाटी यांनी विचारलं आहे तिथे काय करावं. दोष दाखवला की आधी स्वतः जाऊन बघा. "चालू होती" म्हणू नका, जरी ते खरं असलं तरी. "बघतो साहेब" म्हणा आणि पाना काढा. मी पाहत असताना दिवा पेटवून दाखवणाऱ्याला मी अनेकदा सोडून दिलं आहे. हे निरीक्षकाच्या मर्जीवर आहे, हक्काने मागता येत नाही, आणि दुरुस्त केल्यावरही पावती फाडली तर ती कायदेशीरच असते. पण दुरुस्त दिव्याचा फोटो वेळेसकट तुमच्याकडे राहतो आणि पुढच्या पथकापाशी तोच दोष दुसऱ्यांदा मोजला जात नाही.

आणि त्या ट्रॅक्टरकडे बोट दाखवू नका. तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर असतं. ट्रॉलीला मागे दिवा नसतो हे मला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे, अशा ट्रॉलीखाली गेलेल्या मोटारसायकली मी पाहिल्या आहेत. पण त्या क्षणी मी तुमच्या गाडीपाशी उभा असतो.

बालाघाटी (सकाळी ७:१०)

साहेब, तुमचं पटलं. ट्रॅक्टरचं माझं चुकलंच. फक्त एक, चलान मान्य नसेल तर?

निवांत_निवृत्त (सकाळी ७:४५)

तर तिथे पैसे भरू नका. जागेवर तडजोड शुल्क भरलं म्हणजे प्रकरण मिटलं, मग वाद घालायला काही उरत नाही. "मला मान्य नाही, कोर्टात जाईन" हे सौम्य शब्दांत सांगायचं, चलान होऊ द्यायचं आणि चलान क्रमांक, जागा, वेळ, दोषाचा फोटो हे सगळं त्याच दिवशी लिहून ठेवायचं. लायसन किंवा कागद जप्त केला तर कलम २०६ खाली त्याची पोच मिळालीच पाहिजे. पोच घेतल्याशिवाय गाडी हलवू नका, कारण पुढच्या नाक्यावर तुमच्याकडे लायसन नाही एवढंच दिसतं.

मात्र बंद दिव्याच्या चलानासाठी कोर्टात जाऊ नका असं मी मित्र म्हणून सांगेन. तारखेला दोन दिवसांचं भाडं बुडतं. जिथे गाडीचा नंबरच चुकलाय, तुम्ही त्या गावात नव्हताच, तिथे नक्की लढा.

ओव्हरलोड, चालवताना फोन, मालाच्या गाडीत माणसं, यांना किरकोळ समजू नका. सुप्रीम कोर्टाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्येच यासाठी किमान तीन महिने लायसन निलंबनाचे निर्देश दिले आहेत. बीडकडच्या ड्रायव्हरांना ऊसतोडीची टोळी मालावर बसवून न्यायची सवय आहे. दंड मालक भरेल, लायसन तुमचं जाईल.

हायवे_राजा (सकाळी ९:०२)

एवढं पुराण कशाला? दोनशेची नोट कागदात घडी करून द्यायची आणि गिअर टाकायचा. वीस वर्षं हेच करतोय.

जालना_बुकिंग (सकाळी ९:२०)

राजे, मग वीस वर्षं तुमची तीच लाईट बंद असंल.

हायवे_राजा (सकाळी ९:२६)

😄 बंदच आहे.

गेवराई_वायरमन (सकाळी ९:४०)

दोनशेत माझ्याकडं बल्ब, अर्थ, पट्टी, वर चहा. या गेवराईला.

निवांत_निवृत्त (सकाळी १०:१५)

हायवे_राजा, माझ्या खात्यात असे लोक नाहीत असं म्हणायला मी काही दूधखुळा नाही. पण देणाराही गुन्हेगार ठरतो हे लक्षात घ्या. कोणी पावतीशिवाय मागत असेल तर "साहेब, पावती द्या, भरतो" एवढंच बोला, तेच पुन्हा पुन्हा बोला. आवाज चढवायचा नाही, मोबाईल तोंडासमोर धरायचा नाही. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४ आहे. तो तिथे उभं राहून धमकी म्हणून सांगण्यात अर्थ नाही, करायचा असेल तर सरळ फोन करा.

माजलगावची_सून (दुपारी १:३०)

मी गाडी चालवत नाही, माझे मालक चालवतात. मालक म्हणजे नवरा हो, गाडी पण आमचीच आहे, जुनी घेतलेली. गाडीची कागदं आणि फोन माझ्याकडं असतो म्हणून लिहिते.

आम्हाला दीड वर्ष एकही चलान आलं नाही. आम्ही खूश. फिटनेस करायला गेलो तर समोरच्या माणसानं स्क्रीन फिरवून दाखवली, सात चलानं थकलेली, आधी ती भरा. झालं असं होतं की गाडी नावावर करताना एजंटनं स्वतःचा मोबाईल नंबर टाकला होता. सगळे मेसेज त्याला जायचे. त्यानं एकदाही कळवलं नाही. त्यातली तीन चलानं टेल लाईट आणि पट्टीची होती, तीच चूक तीनदा, कारण पहिली पडली हेच आम्हाला माहीत नव्हतं!

तेव्हा सगळ्यांनी आज परिवहनच्या साईटवर जाऊन आरसीला कोणता नंबर जोडलाय ते बघा. चासी नंबर, इंजिन नंबर लागतो, बदलता येतो. आणि चलान दोन ठिकाणी बघायचं. पोलिसांचं चलान महाट्रॅफिकवर दिसतं, आरटीओचं परिवहनच्या ई-चलानवर. एकीकडं "काही बाकी नाही" आलं म्हणून आम्ही निवांत बसलो होतो.

सातपैकी एकात फोटोतली गाडी आमची नव्हतीच, शेवटचा आकडा ३ चा ८ वाचलेला. महाट्रॅफिकच्या ॲपमध्ये तक्रारीची सोय आहे, तिथं आमच्या गाडीचा फोटो आणि आरसी टाकली. ते रद्द झालं. बाकीची भरली. लोकअदालतीची नोटीस आली असती तर तिथं गेलो असतो, पण फिटनेस अडकलं होतं, थांबायला वेळ नव्हता.

मी आता एक दोनशे पानी वही केली आहे. तारीख, गाव, काय दोष निघाला, किती, कधी दुरुस्त केलं. यांना फोनवर विचारते, "आज कुठं थांबवलं?" आधी चिडायचे. आता स्वतःहून सांगतात.

लातूरकर_७१ (दुपारी १:५२)

ताई, ३ चा ८ वाचून आत्ता बघितलं. माझ्या आरसीला पण दुसऱ्याचाच नंबर आहे. बापरे.

तीन_गाड्यांचा_मालक (दुपारी २:३०)

जुलै २०२५ चा वाहतूकदारांचा संप या ई-चलानावरूनच झाला होता. त्यात आम्ही पण गाड्या उभ्या केल्या. क्लिनरची सक्ती काढा ही पण मागणी होती. यंत्रणा सुधारायला पाहिजे हे माझं मत आजही आहे. पण ताईंची वही मी उचलली. तिन्ही गाड्यांत एकेक ठेवतो.

पैशाचं पण आज ठरवून टाकलं. कागद आणि गाडीचं सामान माझ्याकडं : विमा, फिटनेस, पीयूसी, टायर, पट्टी. ड्रायव्हरनं मेसेजवर कळवलं आणि मी टाळलं, तर चलान माझं. कळवलंच नाही, तर अर्धं अर्धं. बेल्ट, फोन, स्पीड, नो एंट्री त्याचं. औट्रम घाटात अवजड गाड्यांना बंदी असताना शॉर्टकट म्हणून कन्नडवरून घातली तर पूर्ण त्याचं, वर माझ्या शिव्या फुकट.

हायवे_राजा (दुपारी २:४१)

आमच्या मालकाला पण हा धागा पाठवा कुणीतरी.

बालाघाटी (चार दिवसांनी, रात्री ८:१५)

सगळ्यांचे आभार. परतीला गेवराईला थांबलो. वायरमनदादा म्हणले तेच निघालं. बोल्ट खोलला तर खाली चासीचा रंगच शिल्लक नव्हता, नुसता बुरा, नखानं खरवडला तर पुडीसारखा हातात आला. घासून आवळला, लाईट अशी लागली की क्लिनर म्हणला, "मामा, नवी बसवली का?" पट्टी दोन्ही बाजूला नवी मारली. पावती मालकाला टाकली आणि तीन गाड्यांच्या मालकांनी लिहिलेलं ते सगळं त्यांना वाचायला पाठवलं. दिवसभर निळी टिक, उत्तर नाही. रात्री फोन आला. हजारातले पाचशे परत भत्त्यात घातले. बाकी पाचशे "तू साहेबाशी हुज्जत घातली त्याचे" म्हणले. मी काही बोललो नाही. ते पण बरोबरच आहे.

काल परत त्याच रस्त्यानं आलो, तीच जागा, पथक उभं. साहेब दुसरे होते. इंजिन बंद केलं, फाईल घेऊन उतरलो. त्यांनी मागं चक्कर मारली, पट्टीवर बॅटरी मारून बघितली, "जा" म्हणले. चार मिनिटं पण नाही लागली.

पण निघताना आरशात बघितलं तर आता उजवी बाजू डावीपेक्षा मंद दिसायलीय. वायरमनदादा, तिकडं पण अर्थच का?

गेवराई_वायरमन (रात्री ८:३१)

तिकडं आधी बल्बचा होल्डर बघा. आतली पितळी पट्टी दबली असंल. स्क्रू ड्रायव्हरनं हळूच वर उचला, पण लाईट बंद करून.